छोट्या वाटेची तेरेजा

आमच्या चर्चमध्ये डाव्या भिंतीपाशी एका धर्मभगिनीचा पुतळा आहे. तपकिरी झगा, त्यावर पांढरी शाल, हातात क्रूस आणि गुलाबांचा भारा. लहानपणी मला ती फुलं विकणारी बाई वाटायची. दर वर्षी 1 ऑक्टोबरला तिच्यासमोर मेणबत्त्या लागतात, आजी माझ्या हातात एक गुलाब देते आणि मी तो तिथे ठेवून येते. इतकीच आमची ओळख होती.

गेल्या वर्षी पप्पा अडीच महिने अंथरुणाला खिळले होते. घरी रोज संध्याकाळी रोझरी चालायची आणि मी त्यात बसायचे, पण खरं सांगायचं तर ओठ हलायचे आणि आत काहीच हलायचं नाही. देव ऐकतोय असं वाटत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला असं वाटतंय हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. त्याच दिवसांत आजीच्या कपाटात या संत तेरेजाचं चरित्र सापडलं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सवयीनं वाचायला घेतलं आणि अडकले. पुतळ्यातली ती गुलाबवाली बाई चोवीस वर्षांची होऊन वारली होती. माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठी! आणि तिच्याही आयुष्यात एक आजारी बाप होता, कोरडी प्रार्थना होती, आणि शेवटी तर देव आहे की नाही असा काळोख होता. म्हणून या अंकासाठी तिचीच गोष्ट लिहायला घेतली.

तेरेजाचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात आलाँसाँ या गावी झाला. वडील लुई मार्तँ घड्याळजी होते. आई झेली लेस विणायची. आलाँसाँची लेस तेव्हा फार नावाजलेली होती आणि झेलीच्या हाताखाली बऱ्याच बायका काम करत. पुढे धंदा इतका वाढला की लुईंनी आपलं घड्याळांचं दुकान विकलं आणि बायकोच्या कामात हातभार लावला. दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. या जोडप्याला नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. उरल्या पाच मुली: मारी, पोलिन, लेओनी, सेलिन आणि सगळ्यांत धाकटी तेरेजा. तीसुद्धा जन्मल्यावर इतकी अशक्त होती की तिला जगवण्यासाठी जवळच्या खेड्यात एका शेतकरणीकडे दूध पाजायला ठेवलं. वर्षभरानं ती गुटगुटीत होऊन परत आली.

घरातलं शेंडेफळ, त्यामुळे लाड भरपूर. हट्टीही होती. पण 28 ऑगस्ट 1877 ला आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. हसरी पोर त्या दिवसापासून हळवी आणि रडवी झाली. वडील सगळ्या मुलींना घेऊन लिझ्यू या गावी, मामाच्या घराजवळ राहायला गेले. तेरेजानं थोरल्या बहिणीला, पोलिनला, आपली दुसरी आई ठरवून टाकलं.

ही दुसरी आईही फार दिवस राहिली नाही. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये पोलिन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. कार्मेलचा मठ म्हणजे कडक एकांतवास. आत गेलेली बाई पुन्हा घरी येत नाही. भेटायचं तर जाळीच्या पलीकडून, तेही मोजून काही मिनिटं. नऊ वर्षांच्या तेरेजाला हा दुसरा घाव सोसवला नाही. पुढच्या वसंतात ती एका विचित्र आजारानं पडली. अंग थरथरायचं, भास व्हायचे, डॉक्टरांना उमज पडेना. 13 मे 1883 रोजी तिच्या खाटेजवळच्या पवित्र मरियेच्या मूर्तीकडे बघत असताना ती अचानक बरी झाली. मूर्ती आपल्याकडे बघून हसली, असं तिनं नंतर सांगितलं. पण या बरं होण्यानंही तिला लगेच शांती मिळाली नाही. आपण खरंच आजारी होतो की सोंग केलं, अशी शंका तिला पुढे कितीतरी वर्षं कुरतडत राहिली. शाळेत तर ती एकटीच असायची. अभ्यासात हुशार, पण खेळात कच्ची, आणि कुणी काही बोललं की डोळ्यांतून पाणी. रडली म्हणून पुन्हा रडायची.

मला या मुलीबद्दल पहिल्यांदा जवळीक वाटली ती 1886 च्या नाताळच्या प्रसंगानं. तिकडे मुलं नाताळच्या रात्री चुलाण्यापाशी बूट ठेवतात आणि मोठी माणसं त्यात भेटवस्तू भरतात. तेरेजा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, तरी धाकटी म्हणून हा लाड अजून चालू होता. मध्यरात्रीच्या मिस्साहून सगळे परतले. वडील थकलेले. जिना चढता चढता तिच्या कानावर पडलं की बरं झालं, या पोरखेळाचं हे शेवटचं वर्ष आहे. सेलिननं लगेच तिच्याकडे पाहिलं. आता पोरगी रडणार, सगळा सण बिघडणार. तेरेजाच्या डोळ्यांत पाणी आलंही. पण तिनं ते गिळलं, धडधडत्या छातीनं खाली गेली, बूट उचलले आणि एकेक वस्तू काढून अशी आनंदानं दाखवली की बापाचा थकवा गेला. बस, एवढंच घडलं. कुठे आकाश उघडलं नाही. पण दहा वर्षांत स्वतःच्या जोरावर जे जमलं नाही ते देवानं त्या एका क्षणात करून दिलं, असं ती पुढे मानत आली. आपलं परिवर्तन ती याच रात्रीपासून मोजायची. स्वतःच्या दुखण्याकडे वळलेली नजर त्या रात्री दुसऱ्याच्या थकव्याकडे वळली.

ही वळलेली नजर कुठवर पोचली पाहा. 1887 मध्ये पॅरिसमध्ये प्रांझिनी नावाच्या माणसाला तिहेरी खुनासाठी देहदंडाची शिक्षा झाली. पश्चात्तापाचं नाव नाही. सगळा देश त्याला शिव्या घालत होता. लिझ्यूमधल्या या चौदा वर्षांच्या मुलीनं मात्र त्याला आपलं मानलं, त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली आणि सेलिनकरवी मिस्सा अर्पण करवली. देवाकडे एक छोटीशी खूणही मागितली. 31 ऑगस्टला त्याला गिलोटिनवर नेलं. दुसऱ्या दिवशी, घरी मनाई असूनही, तिनं वर्तमानपत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या क्षणी त्यानं पाद्रींच्या हातातला क्रूस ओढून घेतला आणि तीन वेळा त्याचं चुंबन घेतलं. त्याला ती आपलं पहिलं लेकरू म्हणायची.

आता तिला कार्मेलमध्येच जायचं होतं, आणि तेही लगेच. वडिलांना तिनं बागेत बसून सांगितलं. म्हाताऱ्या लुईंनी रडत रडत परवानगी दिली आणि भिंतीवरचं एक छोटं पांढरं फूल मुळासकट उपटून तिच्या हातात ठेवलं. धर्मप्रांताचे बिशप मात्र लगेच तयार होईनात. मोठी दिसावी म्हणून ती केस वर बांधून त्यांना भेटायला गेली होती! मग वडिलांबरोबर रोमची यात्रा झाली. 20 नोव्हेंबर 1887 ला पोप तेरावे लिओ यांच्यासमोर सगळ्यांनी फक्त गुडघे टेकून पुढे सरकायचं, बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. तेरेजानं पोपमहाशयांच्या गुडघ्यांवर हात ठेवून पंधराव्या वर्षी मठात जायची परवानगी मागितली. देवाची इच्छा असेल तर जाशील, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. ती उठेना, तेव्हा पहारेकऱ्यांनी तिला धरून बाजूला नेलं. ती रडत परतली. पण काही आठवड्यांतच परवानगी आली आणि 9 एप्रिल 1888 रोजी, पंधरा वर्षं तीन महिन्यांची असताना, ती मठाच्या दारातून आत गेली. ते दार पुन्हा तिच्यासाठी उघडलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमासारखी आहे. पुढची साडेनऊ वर्षं मात्र अगदी साधी, आणि मला वाटतं, खरी तेरेजा तिथेच आहे.

मठात पंचवीसेक बायका. थंडीत शेकोटी फक्त एका खोलीत. झाडलोट, धुणं, शिवण, जेवणघर, प्रार्थना, मौन. त्यात दोन सख्ख्या बहिणी आधीच आत, म्हणून आपल्याला लाड नकोत याची ती काळजी घ्यायची. आणि आत येऊन वर्ष होतं न होतं तोच वडिलांच्या मनाचा तोल गेला. एकदा ते घरातून निघून गेले आणि काही दिवसांनी दुसऱ्या शहरात सापडले. 1889 च्या फेब्रुवारीत त्यांना काँ इथल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे ते तीन वर्षं होते. गावात कुजबुज सुरू झाली की लाडकी लेक मठात गेली म्हणून बापाला वेड लागलं. ही कुजबुज मठाच्या भिंती ओलांडून आत यायची. ज्या बापानं हातात फूल ठेवून निरोप दिला, त्याला भेटायलाही ती जाऊ शकत नव्हती. लुई परतले ते लुळे होऊन, चाकाच्या खुर्चीत. 29 जुलै 1894 ला ते गेले.

या काळात देवानं तिला खूप दिलासा दिला असेल, असं आपल्याला वाटतं. तसं काही झालं नाही. प्रार्थनेत तिला बहुतेक वेळा काहीच जाणवायचं नाही. उलट झोप यायची! रोजच्या मूक प्रार्थनेत, कम्युनियननंतरच्या उपकारस्मरणात, वर्षानुवर्षं ती डुलक्या घ्यायची. हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय. आधी तिला वाईट वाटायचं. मग तिनं विचार केला की लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच प्रिय असतं. आणि डॉक्टरसुद्धा शस्त्रक्रियेआधी रोग्याला झोपवतातच. हा भाग वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. रोझरीत जांभया देणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी केवढा आधार आहे हा!

मग तिचा विश्वास वाढला तरी कसा? जिन्यावर आणि धुण्याच्या कट्ट्यावर. मठात एक म्हातारी, संधिवातानं वाकलेली, तिरसट भगिनी होती. रोज संध्याकाळी कुणीतरी तिला धरून जेवणघरात न्यावं लागे. हळू नेलं तर ती कुरकुरायची, भरभर नेलं तर ओरडायची. हे काम तेरेजानं मागून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं की वाकड्या बोटांमुळे म्हातारीला पाव तोडता येत नाही. तेव्हापासून तो तोडून देऊन, हसून मगच ती निघायची. आणखी एक भगिनी प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक टकटक आवाज करायची. तेरेजाला मागे वळून रागानं बघावंसं वाटे. घाम फुटायचा, पण ती वळली नाही. तोच आवाज एखादं संगीत आहे असं समजून तिनं तो देवाला वाहिला. धुणं धुताना समोरची बाई घाण पाणी तोंडावर उडवायची, तर ती तिथेच उभी राहायची. तिचा दिवा कुणी चुकून नेला तर अंधारात बसायची. छान सुरई नेऊन कुणी टवके उडालेली आणून ठेवली, तर तीच वापरायची. आणि एका भगिनीचं सगळंच तिला नावडायचं, तर नेमकं तिच्याशीच ती सगळ्यांत गोड वागायची. इतकं, की एक दिवस त्या बाईनंच तिला विचारलं, तुला माझ्यात असं काय आवडतं?

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रूममेटचा अलार्म, कुणीतरी नेलेला चार्जर, मेसमधली ती एक व्यक्ती. हौतात्म्य आपल्या वाट्याला येईल न येईल, चार्जर मात्र रोज जातो. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येतो हे मराठीच्या वर्गात आपण शिकतो. तेरेजाच्या मठातलं धुणं वाचताना मला तेच जातं आठवलं.

1894 च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बहिणी शेकोटीपाशी बसल्या होत्या. आता सेलिनही मठात आली होती. तेरेजा लहानपणच्या गोष्टी रंगवून सांगत होती. हे सगळं लिहून काढायला सांग, असं मारीनं पोलिनला सुचवलं. पोलिन तेव्हा मठाची प्रमुख होती. तिनं आज्ञा केली आणि तेरेजानं साध्या वह्यांत लिहायला सुरुवात केली. दिवसभराची कामं आटोपल्यावर रात्री, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, गुडघ्यांवर छोटं लिहायचं डेस्क घेऊन. वर्षभरानं तिनं वही पोलिनच्या हातात दिली. पोलिननं ती बाजूला ठेवली आणि बराच काळ वाचलीच नाही! तेरेजानंही कधी विचारलं नाही. आपली कविता अंकात आली की नाही, म्हणून संपादकांना दिवसातून तीनदा मेसेज करणाऱ्या मला इथे जरा खाली बघावं लागलं.

तिच्या लिखाणात एक कल्पना आहे, जी पुढे जगभर गेली. मोठमोठे संत तिला डोंगरासारखे दिसायचे आणि स्वतः ती वाळूचा कण. पवित्रतेचा जिना चढायची ताकद आपल्यात नाही, हे तिनं मान्य करून टाकलं. पण तेव्हा युरोपात श्रीमंतांच्या घरी आणि हॉटेलांत लिफ्ट नव्यानंच आली होती. रोमच्या प्रवासात तिनं ती पाहिली होती. तिनं ठरवलं की येशूचे हातच माझी लिफ्ट. त्यासाठी मोठं व्हायची गरज नाही, लहानच राहायचं आणि उचलून घ्यायला हात पसरायचे. हीच तिची छोटी वाट. ऐकायला बालिश वाटते, पण तिच्यावर चालायला काय लागतं ते पुढच्या दीड वर्षात कळलं.

3 एप्रिल 1896, शुभ शुक्रवारची पहाट. मध्यरात्री पाठ टेकताच तिच्या तोंडातून काहीतरी उबदार आलं. दिवा विझवला होता, म्हणून तिनं सकाळपर्यंत वाट पाहिली. सकाळी रुमालावर रक्त दिसलं. क्षयरोग. त्या दिवशी तिला भीती वाटली नाही, उलट लवकरच येशूकडे जायचं म्हणून आनंद झाला. पण त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनावर काळोख पसरला. स्वर्ग म्हणून काही नाही, मरणानंतर नुसतीच रात्र आहे, असे विचार तिला घेरू लागले. देव मानणारच नाहीत अशी माणसं असू शकतात, यावर तिचा आजवर विश्वास नव्हता. आता त्यांचा काळोख तिच्या आतच होता, आणि तो जवळजवळ मरेपर्यंत उठला नाही.

तिनं काय केलं? वाद घातला नाही. श्रद्धेचा अंगीकार तिनं स्वतःच्या रक्तानं लिहिला आणि तो छातीशी बाळगला. आपण अविश्वासी लोकांच्या पंगतीला बसलोय, त्यांच्याबरोबर तोच कडू घास खातोय आणि त्यांच्यासाठीच तो खातोय, अशी तिची भावना होती. नवशिक्या भगिनींना ती शिकवत राहिली, हसवत राहिली. स्वर्गाच्या आनंदावर कविता लिहीत राहिली. त्या वाचून सगळ्यांना वाटायचं, हिला केवढं सुख आहे! तिला मात्र तसं काही जाणवत नव्हतं. ती फक्त, ज्यावर विश्वास ठेवायचा आहे, ते लिहीत होती. माझ्या मते तिच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. विश्वास म्हणजे आतली ऊब, असं आपण धरून चालतो. ऊब गेली की विश्वासही गेला, असं वाटून गप्प बसतो. तेरेजाची ऊब गेली तेव्हा तिनं विश्वास हाताला धरून कामाला लावला.

1897 च्या जूनमध्ये ती बागेत, वडिलांच्याच चाकाच्या खुर्चीत बसून, आपल्या वहीचा शेवटचा भाग लिहीत होती. दर दोन ओळींनी कुणीतरी भगिनी गप्पा मारायला यायची आणि ती लेखणी खाली ठेवायची. शेवटी शाईही उचलवेना, म्हणून शेवटची पानं पेन्सिलीनं लिहिली. 8 जुलैला तिला आजाऱ्यांच्या खोलीत हलवलं. पुढचे वेदनांचे दिवस वाचवत नाहीत. अशा रोग्यापाशी विषारी औषधं ठेवू नका, अशी ताकीद तिनं स्वतःच बहिणीला दिली होती. इतकं तिनं आपलं दुखणं खरेपणानं ओळखलं होतं. स्वयंपाकघरातल्या एका भगिनीला तर प्रश्न पडला होता की ही गेल्यावर हिच्याबद्दल लिहायचं काय? हिनं सांगण्यासारखं काहीच केलेलं नाही. 30 सप्टेंबर 1897 च्या संध्याकाळी, येशूवरच्या प्रेमाचे शब्द उच्चारत, ती गेली. वय चोवीस.

बरोबर एका वर्षानं तिच्या वह्या पोलिननं बऱ्याच सुधारून छापल्या. पुस्तकाच्या 2,000 प्रती काढल्या. त्या खपतील का, अशी धाकधूक होती. ते पुस्तक आज जगातल्या कितीतरी भाषांत आहे. 1925 मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं गेलं. 1997 मध्ये ख्रिस्तसभेची आचार्य ही पदवी तिला मिळाली, जी मोठमोठ्या विद्वान संतांना मिळते. तिच्या आईवडिलांनाही 2015 मध्ये संतपद मिळालं. आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच.

एक गोष्ट मला इथे मुद्दाम सांगायचीय. मठाबाहेर न गेलेली ही मुलगी 1927 पासून धर्मप्रसाराची आश्रयदाती संत आहे, आणि तिच्या जोडीला आहे संत फ्रान्सिस झेवियर. आपण सगळे ज्यांच्या फेस्ताला जुन्या गोव्याला जातो ते. मरणाच्या वर्षी, मार्चमध्ये, तिनं याच संत झेवियरचा नोव्हेना केला होता. मरणानंतरही आपल्याला पृथ्वीवर भलं करता यावं, एवढं मागितलं होतं. एक समुद्र ओलांडून इथवर आला, दुसरी जिना झाडत राहिली. ख्रिस्तसभेनं दोघांना एकाच बाकावर बसवलं.

पप्पा आता बरे आहेत. पण ते बरे झाले म्हणून माझा विश्वास परत आला, असं मी लिहिलं तर ते तेरेजाशी बेइमानी होईल. तिचे वडील बरे झाले नव्हते. मी एवढंच शिकले की ओठ हलतात आणि आत काही हलत नाही, त्या दिवशीही रोझरीत बसायचं. आणि उठल्यावर पप्पांची उशी नीट करायची, पाणी कोमट आहे ना ते बघायचं, आईला थोडा वेळ झोपू द्यायचं. कधी कधी तीच आपली प्रार्थना असते. झोप आली तर झोपही.

यंदा 1 ऑक्टोबरला गुलाब ठेवताना मी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. आजीनं विचारलं, काय पुटपुटत होतीस? मी म्हटलं, काही नाही, मैत्रीण आहे माझी.